जुव्यावर गेलेली बाजरी

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर म्हणाल तर वाळत घातलेल्या पापडांवरून चिमण्या चालून गेल्यासारखं आहे. ही वही वैशूनं दिली. वैशू माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. ती म्हणाली, "मावशी, तू बोलत नाहीस त नको बोलू, पण लिहून त ठेव." माझ्या बहिणीचे गुडघे गेलेत, तिला लेकीचं बेट पाहायला जाता येणार नाही. एखाद्या दुपारी तिच्याजवळ बसून हे वाचून दाखवीन. बाकी कोणाला दाखवायचं नाही.

वैशू तिकडे कोकणात शाळेवर बाई आहे. खाडी जिथं समुद्राला मिळते तिथं एक लहानसं बेट आहे, त्या बेटावरची ती शाळा. चारी बाजूंनी पाणी, जायला यायला फक्त होडी. सुट्टीत ती घरी वरवट बकालला आली की जाताना मी तिला डबाभर खारोड्या देते. बाजरी भरडून, तिखटमीठ घालून शिजवायची, तिचे चिमटीएवढे तुकडे घालून कडक वाळवायचे, म्हणजे झाली खारोडी. तळून खा, नाहीतर तशीच शेंगदाण्यांसंग खा. वर्षभर टिकते.

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तिकडे मोठं वादळ आलं. सगळं गाव शाळेत येऊन बसलं, कारण पक्क्या स्लॅबची इमारत तेवढी एकच. घरोघर तांदूळ होते, पण सरपण भिजलं होतं आणि कौलं उडालेल्या घरात चूल पेटत नव्हती. होडी बंद. तेव्हा वैशूनं माझा डबा उघडला. पोरांच्या हातावर मूठ मूठ, म्हाताऱ्यांच्या हातावर मूठ मूठ. वादळ निवल्यावर तिथल्या बायांनी विचारलं, "बाई, ह्ये होतं काय? न शिजवता खाल्लं नि पोट भरलं." मग त्यांनीच ठरवलं, यंदा वादळाचे दिवस लागायच्या आधी घरोघर याचा एक डबा पाहिजे. पण तिकडे बाजरी पिकत नाही आणि करायचं कसं ते कोणाला माहीत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत वैशू घरी आली ती हेच सांगत आली. "मावशी, बाजरी घेऊन तूच चाल."

मीटिंग

बाजरी, तीळ, जाण्यायेण्याचं भाडं, एवढा पैसा माझ्याजवळ कुठला? तो आमच्या बचत गटातून घ्यायचा होता. गट सुरू झाल्यापासून मी मीटिंगमध्ये तोंड उघडलं नव्हतं. सही करायची, चहा प्यायचा, घरी यायचं. त्या दिवशी पंचफुलाबाईंच्या ओसरीवर सगळ्या जमल्या, पंचफुलाबाई आमच्या अध्यक्ष. मी रस्ताभर घोकत आलेलं वाक्य एका दमात बोलून टाकलं.

"मले जुव्यावर जाले पैसे पाह्यजेत."

देवकाबाई, ज्यांच्या जिभेला गावातले सरपंचही भितात, त्या म्हणाल्या, "आता वं माय! आपण इले गरीब गाय समजत होतो. अन् हे त जुवा खेळते!"

पंचफुलाबाईंनी गंभीर तोंड करून विचारलं, "कोठी बसते वं हा जुवा?"

"कोकणात," मी म्हटलं.

"इतक्या दूर? आपल्या गावात पत्ते सरले काय?"

बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. माझे कान तापले. शेवटी माझ्यासंग आलेल्या वैशूनं समजावून सांगितलं की तिकडे खाडीतल्या बेटाला जुवा म्हणतात, त्या गावाला सगळे जुवाच म्हणतात, खेळायच्या जुव्याशी त्याचं काही नातं नाही. मग वादळाचं सांगितलं, डब्याचं सांगितलं. बाया ऐकू लागल्या. त्या बेटावरच्या बाया मासेमारी सुरू झाल्यावर पैसे परत करणार होत्या. पावसाळ्यात मासे धरायला बंदी असते, म्हणून वैशू म्हणाली, "समुद्र उघडला की देतो म्हणतात."

"समुद्र काय दुकान हाये उघडाले?" देवकाबाई म्हणाल्या. "अन् नाव काही बी असो, जुव्यावर गेलेला पैसा वापस येत नाही. लिहून ठेवा."

पंचफुलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बायांचा पैसा हाये इंदूबाई. जबाबदारी कोणाची?"

मी खाली पाहत म्हटलं, "माही."

एवढंच बोलले. पण घरी येईपर्यंत छातीत उखळ चालल्यासारखं होत होतं.

खाडी

गाडीचं काही लिहीत नाही. शेगावला बाजरीच्या कट्ट्यांसकट, म्हणजे पोत्यांसकट, चढले आणि कोकणात कट्ट्यांसकट उतरले, रात्रभर एक पाय कट्ट्यावर ठेवून झोपले, एवढंच. आमच्याकडे त्या दिवसांत जमीन भाजलेल्या भाकरीसारखी असते, बांधावरची बाभूळसुद्धा धुरकट दिसते. इकडे डोळे उघडले तर डोंगरच्या डोंगर हिरवे! आंबे झाडाला लटकलेले आणि कोणी दगड मारत नाही. मी वैशूला म्हटलं, "हे पोट्टे कुठी गेले इकडचे?"

मग खाडी आली. ताई, काय सांगू! आमची पूर्णा पुराला येते तेव्हाच मी एवढं पाणी पाहिलेलं, पण ते गढूळ, घाईत पळणारं. हे निळं, आणि चाललंय की उभं आहे तेच कळत नव्हतं. मी होडीत बसले, हात पाण्यात घातला आणि ओंजळभर पाणी तोंडात घेतलं.

होडीवाले म्हातारे तांडेल ओरडले, "अवो बाय, काय करतंस! खारं हाय त्ये!"

मी गिळलं. "आमच्या बोअरच्यापेक्षा जरासंकच जास्त हाये," मी म्हटलं.

खोटं नाही. आमचा खारपाण पट्टा. विहीर खणा, बोअर मारा, खारंच लागतं. भात शिजवला तर मीठ घालायची गरज नसते. तांडेल हसायला लागले. म्हणाले, "म्हंजे पावनी आमच्यातलीच हाय की."

होडी हलायला लागली तशी मी दोन्ही हातांनी बाजरीचा कट्टा धरला. तांडेल म्हणाले, "बाय, होडीला धर. पोत्याला धरून काय उपेग? पोतं बुडालं तर?"

"कट्टा बुडला त मी बी बुडलीच पाह्यजे," मी म्हटलं. त्यांना थट्टा वाटली. मला देवकाबाई दिसत होत्या.

जुवा

बेट म्हणजे मला वाटलं होतं रिकामी वाळू असेल. तर नारळीची दाटी आणि तिच्याखाली लाल चिऱ्यांची घरं. सगळं गाव कामाला लागलेलं! आमच्याकडे पेरणीच्या आधी जशी धांदल असते ना, तशी. पुरुषमाणसं कौलांवर चढून जुनी मासळीची जाळी छपरावरून ताणत होती आणि खाली खुंट्यांना बांधत होती, वाऱ्यानं कौलं उचलू नयेत म्हणून. काही जण नारळावर चढून सुकलेल्या झावळ्या आणि सैल नारळ पाडत होते. मी विचारलं कशाला, तर म्हणे वाऱ्यात एकेक नारळ तोफेचा गोळा होतो. बाया पिण्याच्या पाण्याची पिंपं धुवून झाकत होत्या, कारण वादळात समुद्राचं पाणी विहिरीत शिरलं की महिनाभर ते तोंडात घेववत नाही. हे मात्र मला कोणी समजवायची गरज नव्हती.

मी तर पोरासारखी इकडून तिकडे पळत होते. वैशू म्हणाली, "मावशी, अगं हात-पाय त धू!"

बायांची पुढारीण म्हणजे सुगंधाकाकी. उंच, सावळी, कासोटा घातलेला, कमरेला कोयती. तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. "ह्ये काय तुमची खारोडीवाली मावशी? बोलत नाय?"

"बोलते हळूहळू," वैशू म्हणाली.

"मंग आमी हळूहळू ऐकू," सुगंधाकाकी म्हणाली आणि मला हाताला धरून घरात नेलं.

त्यांची बोली मोठी गमतीची. आपण "मले" म्हणतो तिथं त्या "मना" म्हणतात. "मना म्हायती नाय." शाळेला सुट्टी होती, तरी वैशू पोरांना जमवून वाचायला बसवी. तिथं एक दिवस बसले होते, तर पोरं "मना" म्हणतात, वैशू चुकून "मले" म्हणते, आणि पुस्तकात लिहिलेलं असतं "मला". पोरं म्हणाली, "बाई, मग खरं काय?" वैशू म्हणाली, "परीक्षेत मला." मला हे फार आवडलं.

जेवायला तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, हाताला लागताच तुटणारी, आणि नारळातलं माशाचं कालवण. आमच्या घरी मटण चालतं, पण मासा म्हणजे पूर्णेचा, तोही कधीमधी. मी घाईत घास घेतला आणि काटा घशात. सगळ्या बाया धावल्या. भाताचा गोळा गिळ, केळं गिळ, हात वर कर! काटा गेला, पण लाज राहिली. मग मी पिशवीतून ठेचा काढला. सुगंधाकाकीनं बोटभर चाटला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"आग गो बाय, ह्ये तुमी खाता?"

"रोज," मी म्हटलं.

"मंग वादळ तुमचं काय करणार!"

वाजाले लागतीन

दुसऱ्या दिवशी शाळेच्या खिचडीच्या मोठ्या पातेल्यात पहिला घाणा लावला. बाजरी रात्रभर भिजवलेली, सकाळी निथळून उखळात भरडलेली. पाण्याला आधण आलं की तिखट, मीठ, लसूण, तीळ, आणि मग भरडा. दोघी-दोघींनी मोठ्या पळ्यांनी घोटायचं. बाया नाव ऐकून हसत होत्या. एक म्हणाली, "खारोडी म्हंजे खारवलेली ना? मंग मासा कुठाय?" पोरं गरम गरम भरड्याचे गोळे पळवत होती. आमच्या गावातही पोरं तेच करतात, तेवढ्यानं मला घर आठवलं.

शाळेच्या पटांगणात जुन्या साड्या अंथरल्या आणि चिमटीनं खारोड्या घातल्या. सगळ्यांची बोटं भरलेली, सगळ्यांच्या तोंडात गाणी. मी हिंडून हिंडून दाखवत होते, चिमूट कशी धरायची, अंगठा कसा काढायचा. अशी मी गावात कधी वागले नाही. कोणीतरी विचारलं, वाळली हे समजायचं कसं? तर मी जोरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "उद्या दुपारपर्यंत ह्या वाजाले लागतीन!"

कारण आमच्याकडे तसंच असतं. एक दिवसाचं ऊन खाल्लं की खारोडी मुठीत घेऊन हलवायची. चिंचोक्यांसारखी वाजली की झाली.

बायांना ते इतकं आवडलं की दिवसभर एकमेकींना म्हणत होत्या, "वाजाले लागतीन गो, वाजाले लागतीन!" संध्याकाळी सगळ्या घरी गेल्या. मी साड्या तशाच पटांगणात राहू दिल्या. आमच्याकडे वाळवण रात्रभर बाहेरच असतं. आपली रात्र तर दिवसासारखीच तापलेली असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मूठ हलवली. आवाज नाही. वरून जरा कडक, आतून ओल्या. म्हटलं, अजून एक दिवस. रात्री परत बाहेर. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले तर साड्या दवानं ओल्याचिंब, आणि खारोडी मोडून पाहिली तर आत तार सुटलेली. आंबूस वास.

मी शाळेच्या मागे जाऊन बसले. बाजरीचा अर्धा भाग गेला होता. तो पैसा माझा नव्हता. कोणी भाजी विकून टाकलेला, कोणी निंदणाला जाऊन टाकलेला. उरलेली बाजरी पण अशीच नासली तर या गावात एकही डबा भरणार नाही, आणि तिकडे मी कोणत्या तोंडानं ओसरीवर जाऊन बसू? वादळाचे दिवस तर जवळ आलेले.

वैशू शोधत आली. "मावशी, रडू नको."

"मी रडून नाही राह्यली. मी बाजरी मोजून राह्यली."

तिच्यामागे सुगंधाकाकी. तिनं एक खारोडी उचलली, हुंगली, आणि कोंबड्यांपुढे टाकली. कोंबड्या तुटून पडल्या. "चला, कोंबड्यांची वादळाची सोय झाली," ती म्हणाली. मग माझ्यापुढे उकिडवी बसली. "रात्री भायेर ठेवलंस?"

"हाव. आमच्याकडे ठेवतात."

"बाय, हिथली रात्रीची हवा पिळली तर घागर भरेल! तुज्याकडं ऊन सुकवतंय. आमच्याकडं वारा सुकवतोय. ऊन हिथं नुसतं भाजतंय."

मला उन्हाशिवाय वाळवण माहीतच नव्हतं. वारा आला की आम्ही वाळवणावर दगड ठेवतो आणि त्याला शिव्या देतो. मी तिला विचारलं, "मंग तुमी मच्छी कशी वाळवता?" परक्या माणसाला मी आपण होऊन काही विचारलं, हे बहुतेक पहिल्यांदाच.

ती उठली. "चल, दाखवते."

मतलई

किनाऱ्यावर त्यांनी बांबू रोवून छातीएवढ्या उंचीवर जाळी ताणलेली होती. मासळी जमिनीवर नाही, जाळीवर. खालून वारा, वरून वारा. आणि वारा तरी कोणता? सुगंधाकाकीनं सांगितलं, पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो मतलई, तो कोरडा. ऊन चढलं की वारा उलटतो, समुद्राकडून येतो, तो खारा, ओला. "मतलई हाय तवर घालायचं. वारा उलटला की उचलायचं. उनाचा लोभ धरायचा नाय."

उनाचा लोभ! आमच्याकडे उन्हाचा कोणाला लोभ असतो? पण मी तेच केलं होतं.

उरलेल्या बाजरीचा आम्ही दोघींनी मिळून बेत केला. खारोडी मी चिमटीनं घातली की दुसरी बाई अंगठ्यानं दाबून चपटी करी, म्हणजे आत ओल राहायला जागा नको. उजाडायच्या आत जाळीवर. कावळ्यांना हाकलायला पोरांची पाळी. वारा उलटला की कोणीतरी किनाऱ्यावरून हाक देई, आणि घराघरांतून बाया धावत येत. पदर खोचून, हसत, एकमेकींना ढकलत सगळं टोपल्यांत भरत. संध्याकाळी टोपल्या चुलीवरच्या माळ्यावर. त्या माळ्यावर त्या सुकी मासळी, कोकमं ठेवतात. धुरानं, उबेनं उरलेली ओल जाते.

ताई, अशी मजा मला लग्नाआधी बोरं वेचायला जायचो तेव्हा आली असेल, नंतर नाही. मी पण धावत होते. मला कोणी ओळखत नव्हतं, म्हणून लाजायला काही कारणही नव्हतं.

एका सकाळी मी जाळीपाशी वाकले होते. सुगंधाकाकी मागून आली आणि माझ्या कानाजवळ मूठ हलवली.

खळखळ, खळखळ.

"वाजाले लागली गो!" ती माझ्याच बोलीत ओरडली. सगळ्या किनाऱ्यावरच्या बायांनी मुठी भरून हलवल्या. मी तिथेच वाळूत बसले आणि हसले की रडले ते सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र झाली. त्या जाळीवर वर्षानुवर्षं मासळी वाळलेली, त्यामुळं खारोडीला सुकटीचा वास लागला. मी कसनुसं तोंड केलं. त्या बायांना मात्र आता कुठं ती खारोडी खाण्यासारखी वाटायला लागली. शेवटच्या घाण्यात तर त्यांनी मूठभर सुका जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, टाकूनच दिला. "आता ह्येला चव आली!" मी खाऊन पाहिलं. खरं सांगते, चांगली लागत होती.

वावधन

माझं निघायचं ठरलं त्याच्या आदल्या दिवशी भोंगा फिरला. वादळ येतंय, होड्या बंद, सगळ्यांनी शाळेत जावं. मला भीती वाटली आणि तितकीच उत्सुकता पण. आपल्याकडे वावधन सुटलं की धूळ, पालापाचोळा, कोणाचं तरी टिनपत्र. इथलं वावधन कसं असेल?

दुपारी आभाळ शिसवीसारखं काळं झालं. पुरुषमाणसांनी होड्या वर ओढून नारळीला बांधल्या. घरोघरच्या बाया आल्या त्या एका काखेत पोर आणि दुसऱ्या काखेत डबा घेऊन. आमचे डबे! शाळेच्या फळ्याखाली ओळीनं ठेवले. सगळ्यांत पुढे सुगंधाकाकीचा, बिस्किटांचा जुना डबा, दोरीनं बांधलेला.

वारा आला तो नुसता आवाज नव्हता, भिंतीला खांदा लावून कोणी ढकलतंय असं वाटत होतं. खिडकीच्या फटीतून पाणी येत होतं, आणि ते खारं होतं. नारळ पडल्याचे धाडधाड आवाज. एका घराची कौलं गेली. कोणाचं ते माणसं आवाजावरूनच ओळखत होती. "माजी पडवी गेली," एक बाई शांतपणे म्हणाली आणि पोराला थोपटत राहिली.

भूक लागायची वेळ झाली. कोणी चुलीचं नाव काढलं नाही. डबे उघडले. खारोड्या, शेंगदाणे, गुळाचा खडा. सगळी शाळा कुरकुर चावायला लागली आणि वाऱ्याच्या आवाजातही तो आवाज ऐकू येत होता. फक्त तांडेलबाबा हातात घेऊन बसलेले. त्यांना दात नाहीत. माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. सुगंधाकाकीनं शहाळं फोडलं आणि वाटीत खारोड्या भिजत घातल्या. म्हाताऱ्यानं चमच्यानं खाल्ल्या.

"कशी हाये?" मी विचारलं.

"चव बरी हाय," तांडेलबाबा म्हणाले. "पण आवाज गेला."

त्या वादळात मी एवढी हसले!

वादळ पुढं दुसरीकडे वळलं. तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाऊस आणि वारा होताच, आणि तोवर त्या शाळेत एकही चूल पेटली नाही, तरी कोणी उपाशी राहिलं नाही. बाहेर आलो तर किनाऱ्यावरचे बांबू आणि जाळी कुठल्या कुठं गेलेली. एक होडी दोन तुकडे. ती होडी सुगंधाकाकीच्या मुलाची होती. काकी पाहत उभी राहिली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुजं पैसं येतील गो. उशीर व्हईल, पण येतील. समुद्र उघडू दे."

मी "हाव" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

उघडला काय समुद्र

मी कोकमं, नारळ आणि जवळा घातलेल्या खारोड्यांची पिशवी घेऊन घरी आले. पैसे आणले नाहीत. ओसरीवर पंचफुलाबाईंनी एक खारोडी नाकाशी नेली. "इंदूबाई, याले मास्याचा वास काऊन येऊन राह्यला?"

मी सगळं सांगितलं. मतलई, जाळी, नासलेली बाजरी, शाळा, तांडेलबाबा. नासल्याचं लपवलं नाही. बाया ऐकत राहिल्या, चहा थंड झाला. देवकाबाईंनी शेवटी विचारलं, "ते सगळं बेस हाये. पैसे?"

"समुद्र उघडला की."

मग काय! त्या पावसाळाभर देवकाबाईंना दुसरं काम नव्हतं. कपाशी निंदताना बांधावरून हाक, "काऊन वं इंदूबाई, उघडला काय समुद्र?" चक्कीवर भेटल्या की तेच. लहान पोरंसुद्धा म्हणायला लागली. मी हसायची, पण रात्री जेवण गोड लागत नव्हतं. एकदा घरचे म्हणाले, "तुले कोण सांगतलं होतं जबाबदारी घ्याले?" मी म्हटलं, "मीच."

नारळी पौर्णिमेला इकडे आम्ही राख्या बांधतो. तिकडे त्या दिवशी दर्याला नारळ देतात आणि होड्या पाण्यात घालतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत वैशूकडून निरोप आला आणि थोडे पैसे आले. पुरे नाही. सुगंधाकाकीची होडी अजून उभी राहायची होती. ते मी गटात भरले. देवकाबाई म्हणाल्या, "अर्धाच उघडला वाटते."

दिवाळीत वैशू आली. तिनं पिशवीतून एक बिस्किटांचा डबा काढला. दोरीनं बांधलेला, मी ओळखला. म्हणाली, "मावशी, हा तूच उघड. मीटिंगमधे." मी हलवून पाहिला. आतून खळखळ आवाज आला.

ओसरीवर सगळ्या जमल्या. मी दोरी सोडली. वर खारोड्या होत्या, आम्ही नव्हे, त्यांनी त्यांच्या हातानं नाचणीच्या केलेल्या, चपट्या, अंगठ्याची खूण असलेल्या. त्यांच्याखाली कागदात नोटा. पंचफुलाबाईंनी नोटा मोजल्या, परत मोजल्या, मग नाकाशी नेल्या. "यायले बी मास्याचा वास येते."

देवकाबाईंनी एक खारोडी तोंडात टाकली, बराच वेळ चावत राहिल्या. मग म्हणाल्या, "इंदूबाई, पुढच्या खेपेले जुव्यावर मले बी घेऊन चाल. घरी सांगतो मी, देवका जुव्यावर चालली म्हणून. मालकाचं तोंड पाहाले मजा येईल."

सगळ्या हसल्या, मीही हसले. मग पंचफुलाबाई म्हणाल्या, "बोल वं, तुयाच तोंडानं बोल. तू घेतलते, तूच सांग."

मी उभी राहिले. यावेळी काही घोकून आले नव्हते.

"बायांनो," मी म्हटलं, "समुद्र उघडला. जुव्याचे पैसे पुरे फिटले."